दुकानामागची खोली आणि मतदारयादी

१९५७ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या जॉन्स आयलंड या बेटावर कृष्णवर्णीय प्रौढांचा एक रात्रीचा वर्ग सुरू झाला. तो भरायचा एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढच्या बाजूला दुकान असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्या माणसाला आत काय चाललंय याचा पत्ता लागत नसे. शिकवायला आलेल्या बर्निस रॉबिन्सन पेशाने शिक्षिका नव्हत्या. चार्ल्स्टन शहरात त्या केशभूषेचा व्यवसाय करत आणि जोडीला शिवणकाम घेत. पहिल्या वर्गाला चौदा जण आले. त्यांना रॉबिन्सनबाईंनी सरळ सांगितलं की मी काही शिक्षिका नाही, तुम्हाला काय शिकायचंय ते तुम्हीच मला सांगा.

उत्तरं साधी होती. कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं. सिअर्सच्या कॅटलॉगमधून वस्तू मागवायचा फॉर्म आणि मनीऑर्डर दुसऱ्याचे पाय न धरता भरता यावी, अशीही काहींची इच्छा होती. आणि राज्यघटनेचा उतारा वाचता यायला हवा होता, कारण तो अधिकाऱ्यापुढे वाचून दाखवल्याशिवाय मतदारयादीत नाव लागत नव्हतं. रॉबिन्सनबाई प्राथमिक शाळेतलं साहित्य घेऊन आल्या होत्या. दिवसभर शेतात राबून आलेल्या मोठ्या माणसांसमोर ते ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान, हे लक्षात येताच त्यांनी ते बाजूला सारलं आणि कॅटलॉगचे फॉर्म, मनीऑर्डरी, मतदार नोंदणीचे अर्ज यांनाच पाठ्यपुस्तक केलं. भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला. वर्ग संपेपर्यंत हा प्रत्येकाला वाचता आला पाहिजे, एवढं एक ध्येय त्यांनी आपल्या बाजूने ठेवलं.

अमेरिकेतल्या गोरेतर स्त्रियांना मतदानाकडे आणि राजकारणाकडे कसं आणायचं, यावर तिथे आज भरपूर चर्चा होते, सल्लागार नेमले जातात, जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात. मला मात्र त्या प्रश्नाचं सगळ्यात सच्चं उत्तर या खोलीत दिसतं. मत मागायच्या आधी रॉबिन्सनबाईंनी समोरच्या बाईला तिची गरज विचारली. त्या तिच्याच समाजातल्या होत्या आणि तिच्या गरजेपासून मतदारयादीपर्यंतची वाट त्या तिच्यासोबत चालल्या. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत जिथे जिथे या स्त्रियांची मतं निर्णायक ठरली, तिथे तिथे हीच पद्धत कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते.

या वर्गामागचं डोकं होतं सेप्टिमा क्लार्क यांचं. १८९८ मध्ये चार्ल्स्टनला जन्मलेल्या क्लार्कबाईंनी तरुणपणी याच बेटावर मास्तरकी केली होती. १९५६ मध्ये साउथ कॅरोलिनाने कायदा केला की सरकारी नोकराला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचं सदस्य राहता येणार नाही. क्लार्कबाईंनी सदस्यत्व सोडायला नकार दिला. अनेक दशकांची नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेलं. तिथून त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या प्रौढशिक्षण केंद्रात पूर्णवेळ काम करू लागल्या. काळे आणि गोरे जिथे एका टेबलाशी बसून जेवत, अशा दक्षिणेतल्या मोजक्या जागांपैकी ही एक. १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे झालेल्या एका कार्यशाळेला रोझा पार्क्स आल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी जागा सोडायला नकार दिला.

बेटावरचा प्रश्न क्लार्कबाईंपर्यंत आणला इसॉ जेन्किन्स यांनी. ते बेटावरच्या कामगारांना आपल्या बसने चार्ल्स्टनला नेत आणि वाटेत त्यांच्याकडून राज्यघटनेचा उतारा घोकून घेत. ॲलिस वाइन नावाच्या एका प्रवासी बाईंनी तो पाठ केला खरा, पण मला पाठांतर नको, वाचता यायला हवंय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या इच्छेतून दुकानामागचा वर्ग उभा राहिला.

मग शिकवायला केशभूषाकारच का निवडली? शिक्षकाची नोकरी एका कायद्याने कशी जाते ते क्लार्कबाईंनी स्वतः भोगलं होतं. गोऱ्याच्या शेतावर किंवा घरी राबणाऱ्या बाईचं पोट मालकाच्या मर्जीवर. कृष्णवर्णीय वस्तीत केस करून देणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं मात्र कृष्णवर्णीयच असत, तिला कामावरून काढायला कुणी मालकच नव्हता. शिवाय तिच्या खुर्चीत बसणाऱ्या बायका तिच्याशी मोकळेपणी बोलत. राजकीय काम करायला लागणारं धैर्य बऱ्याचदा अशा रोकड स्वातंत्र्यावर उभं असतं, हे क्लार्कबाईंनी नेमकं ओळखलं.

हा वर्ग कोणत्या भिंतीशी टक्कर देत होता, ते पाहायला थोडं मागे जायला हवं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ते वर्ष खरोखरच आशेचं होतं. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क दिला होता, आणि त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सेनेटर वॉशिंग्टनला पोहोचले होते. स्त्रियांना मात्र त्यात जागा नव्हती, गोऱ्याही नाही आणि काळ्याही नाही. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेवरचा आपला लष्करी धाक मागे घेतला, आणि १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदारासाठी साक्षरतेची परीक्षा आणि मतदान-कर लावला. पाठोपाठ इतर दक्षिणी राज्यांनीही असेच उपाय योजले. त्यामुळे १९२० मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकी स्त्रीला मताचा हक्क दिला तेव्हा दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हाती प्रत्यक्षात काहीच पडलं नाही. स्त्रीमताधिकाराच्या चळवळीने त्यांना बरोबरीने वागवलं होतं असंही नाही. १९१३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोठ्या मोर्चात पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मागच्या रांगेत चालायला सांगण्यात आलं. त्यांनी ते ऐकलं नाही आणि वाटेतून त्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरल्या. त्याच वर्षी शिकागोत त्यांनी ‘अल्फा सफ्रेज क्लब’ काढला होता. त्यातल्या बायका दारोदार फिरून मतदार नोंदणी करत राहिल्या, आणि १९१५ मध्ये शहराला ऑस्कर डी प्रीस्ट हा पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक मिळाला. पुरुष टोमणे मारत असताना त्या दार ठोठावत राहिल्या, याबद्दल मला विशेष आदर वाटतो.

मिसिसिपीची परीक्षा कशी होती? अर्जदाराने राज्यघटनेच्या २८५ कलमांपैकी अधिकारी दाखवील ते कलम लिहून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा तोच अधिकारी. १९६२ मध्ये आणखी एक नियम आला. अर्ज करणाऱ्यांची नावं दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायची. म्हणजे मालक, घरमालक, सावकार आणि मुखवटे घालून रात्री फिरणारे लोक, सगळ्यांना नावं कळावीत याची सरकारी सोयच होती.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रूलव्हिल गावातल्या चर्चमध्ये सभा झाली. चव्वेचाळीस वर्षांच्या फॅनी लू हेमर तिथे गेल्या होत्या. वीस भावंडांतलं हे शेंडेफळ, लहानपणापासून कापूस वेचलेलं. एका मळ्यावर अठरा वर्षं काम केलेली, तिथल्या मजुरांच्या हजेरीचा हिशेब ठेवणारी ही बाई. आपल्याला मत देता येतं हे त्यांना त्या सभेत पहिल्यांदा कळलं. आदल्याच वर्षी एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना न विचारता त्यांचं गर्भाशय काढून टाकण्यात आलं होतं. गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत तिथे हे इतकं सर्रास घडे, की त्याला लोकांनी एक कडवट टोपणनावही दिलं होतं. ३१ ऑगस्टला अठरा जण बसने इंडियानोला या तालुक्याच्या गावी नोंदणीला गेले. हेमरबाईंना ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचं कलम मिळालं आणि त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग फार पिवळा आहे या कारणासाठी चालकाला दंड केला. घाबरलेल्या बसमध्ये हेमरबाई गाऊ लागल्या. घरी पोहोचताच मळ्याच्या मालकाने सांगितलं : अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्या त्याच रात्री बाहेर पडल्या. काही दिवसांनी, त्या ज्या घरी आसरा घेऊन होत्या तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या.

जूनमध्ये हेमरबाई चार्ल्स्टनहून परतत होत्या. क्लार्कबाईंच्या वर्गांचं हळूहळू दक्षिणभर जाळं झालं होतं, आणि त्याच नागरिकत्व-शिक्षणाच्या प्रशिक्षणाला त्या गेल्या होत्या. वाटेत विनोनाच्या बसथांब्यावर त्यांच्या गटाला अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांना हेमरबाईंना मारायला भाग पाडलं. मूत्रपिंड आणि डोळा यांना झालेली इजा आयुष्यभर राहिली. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट १९६४ रोजी, अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यांसमोर सांगितलं. मिसिसिपीच्या अधिकृत गोऱ्या शिष्टमंडळाऐवजी आमच्या ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ला मान्यता द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यांचं बोलणं चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळले. पण वाहिन्यांनी संध्याकाळी त्यांची साक्ष पुन्हा दाखवली आणि ती आणखी जास्त घरांत पोहोचली. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, आणि त्यावर कोण बसणार हेही पक्षच ठरवणार होता. हेमरबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नाकारली.

१९६५ च्या जानेवारीत हेमर, व्हिक्टोरिया ग्रे आणि ॲनी डिव्हाइन या तिघींनी मिसिसिपीच्या निवडून आलेल्या खासदारांच्या वैधतेलाच प्रतिनिधीगृहात आव्हान दिलं. ग्रेबाई सौंदर्यप्रसाधनं विकत आणि नागरिकत्व-वर्ग घेत. डिव्हाइनबाई विम्याचं काम करत. दोघींचीही रोजीरोटी कुठल्या गोऱ्या मालकाच्या हाती नव्हती. चार्ल्स्टनच्या केशभूषाकार बाईची निवड का बरोबर होती, ते या तिघींपैकी दोघींच्या व्यवसायात दिसतं.

आव्हान फेटाळलं गेलं, पण त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. साक्षरतेच्या परीक्षा गेल्या, आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागू लागली. मिसिसिपीत १९६४ मध्ये पात्र कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६.७ टक्के लोकांचीच नोंदणी होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण जवळपास ६० टक्क्यांवर गेलं.

यादीत नाव आल्यानंतर काय घडू शकतं, त्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर उदाहरण युनिटा ब्लॅकवेल यांचं आहे. मिसिसिपी नदीकाठच्या मेयर्सव्हिल या लहानशा वस्तीत त्या शेतमजुरी करत. १९६४ मध्ये नोंदणीला गेल्या तेव्हा त्यांना वारंवार परत पाठवलं गेलं. त्या हेमरबाईंबरोबर अटलांटिक सिटीत होत्या, मग मुलांच्या शाळेसाठी न्यायालयात गेल्या. मेयर्सव्हिलला गावाचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि १९७६ मध्ये त्या महापौर झाल्या. असं पद मिळवणाऱ्या मिसिसिपीतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. गावात नळाचं पाणी, सांडपाण्याची सोय, पक्के रस्ते, गरिबांची घरं, ही त्यांची कामं. मत मागायला आलेल्या कुठल्याही नेत्याला अशा गावातल्या बाईला काय हवंय ते आधीच ठाऊक नसतं, ब्लॅकवेलबाईंना मात्र ते जन्मापासून ठाऊक होतं.

चळवळीतल्या पुरुषांनीही या स्त्रियांना सहज जागा दिली नाही, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. नागरी हक्क चळवळीतल्या ‘एससीएलसी’ या संघटनेच्या कार्यकारिणीत आपलं म्हणणं कुणी गांभीर्याने घेत नसे, असं क्लार्कबाईंनी पुढे स्पष्टच सांगितलं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून शर्ली चिझम काँग्रेससाठी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स फार्मर हेही नामवंत नागरी हक्क नेते होते. समाजाला कणखर पुरुष नेतृत्व हवं, असा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. चिझम यांनी मतदारयादी नीट पाहिली. मतदारसंघात नोंदलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. मग त्यांनी बायकांच्या मंडळांकडून, शाळेच्या पालकसभांतून, घराघरांतल्या बैठकांतून प्रचार केला. प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांशी त्या स्पॅनिशमध्ये बोलल्या. त्या निवडून आल्या आणि काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. चार वर्षांनी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, तेव्हा स्त्रीवादी नेत्या आणि कृष्णवर्णीय पुढारी दोघांनीही हात आखडता घेतला.

गोरेतर स्त्रिया म्हणजे फक्त कृष्णवर्णीय स्त्रिया नव्हेत. मूळनिवासींना नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं, तरी ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत त्यांना मतदानासाठी १९४८ पर्यंत थांबावं लागलं. भारतीय वंशाच्या स्थलांतरितांना नागरिक होता येऊ लागलं ते १९४६ च्या कायद्यानंतर. काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या गोरेतर स्त्री जपानी वंशाच्या, हवाईच्या पॅट्सी मिंक होत्या, वर्ष १९६४. इंग्रजी न येणाऱ्या नागरिकांना त्यांच्या भाषेत मतपत्रिका देण्याची तरतूद १९७५ मध्ये आली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात २०१३ पासून बंगालीतही मतपत्रिका मिळते. घरात इंग्रजी सगळ्यात कमी कानावर पडणाऱ्या आजीला आणि सुनेला ही सोय किती मोठी, हे परदेशात स्थायिक झालेल्या कुठल्याही कुटुंबाला सांगावं लागणार नाही.

नेव्हाडातलं उदाहरण मला थोडं सविस्तर सांगायचंय. लास व्हेगासच्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या, पलंगपोस बदलणाऱ्या कामगारांत लॅटिनो बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांची ‘कलिनरी’ युनियन देशातल्या बलवान कामगार संघटनांत गणली जाते. युनियनने मालकांशी केलेल्या करारात एक कलम आहे : निवडणुकीच्या काळात कामगार रजा घेऊन प्रचाराला जाऊ शकते आणि तिची नोकरी तिला परत मिळते. त्यामुळे दर निवडणुकीत या बायका आपल्याच वस्त्यांत, आपल्याच भाषेत, आठवडेच्या आठवडे दारोदार फिरतात. २०१६ मध्ये नेव्हाडातून कॅथरीन कॉर्टेझ मास्टो निवडून आल्या, सेनेटमधल्या पहिल्या लॅटिना. त्या विजयात या कामगार बायकांचा मोठा वाटा होता. नोकरी टिकवून राजकारण करता येणं, ही चार्ल्स्टनच्या केशभूषाकार बाईला मिळालेली मोकळीक इथे लेखी कराराने मिळाली.

जॉर्जियात स्टेसी अब्राम्स यांनी दहा वर्षं हेच काम संख्येच्या जोरावर केलं. दोन्ही पक्षांचे प्रचारतज्ज्ञ सहसा कुंपणावरच्या मतदाराच्या मागे लागतात. जे मतदार आपलेच आहेत, पण केंद्रावर येत नाहीत, त्यांच्यावर पैसा खर्च करायला कुणी तयार नसतं. अब्राम्स यांचा हिशेब उलटा होता. २०१३ नंतर त्यांनी ‘न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट’ या संस्थेद्वारे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई नागरिकांची नोंदणी हाती घेतली. त्याच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात केंद्राच्या पूर्वपरवानगीची अट निकामी केली होती, म्हणून या कामाला घाईही होती. २०१८ मध्ये त्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या. एखाद्या प्रमुख पक्षाकडून या पदाची उमेदवारी मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. प्रतिस्पर्धी ब्रायन केम्प हेच राज्याच्या निवडणूक यंत्रणेचे प्रमुख होते. अर्जातलं नाव सरकारी नोंदीशी अक्षरशः जुळलं नाही म्हणून सुमारे ५३,००० नोंदण्या अडकून पडल्या होत्या, त्यातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या. अब्राम्स सुमारे ५५,००० मतांनी हरल्या. २०२० मध्ये जो बायडन यांनी जॉर्जिया ११,७७९ मतांनी जिंकलं आणि पुढच्या जानेवारीत सेनेटच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या. याचं सगळं श्रेय एका व्यक्तीला देणं बरोबर नाही. वाहनपरवाना काढताना आपोआप नोंदणी करण्याची सोय राज्यात २०१६ पासून होती, आणि अनेक लहान संस्था वर्षानुवर्षं खपत होत्या. पण वर्षभर दारात जाणारी माणसं तयार ठेवण्याचा अब्राम्स यांचा आग्रह फळाला आला, हे निश्चित. २०२१ मध्ये राज्याने नवा कायदा केला. मतदानकेंद्राजवळ रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्यांना पाणी किंवा खाणं देण्यावर त्यात बंदी घालण्यात आली. २०२२ मध्ये अब्राम्स पुन्हा हरल्या, या वेळी मोठ्या फरकाने.

गोरेतर स्त्रिया एकगठ्ठा मत देतात, हा समजही पुरता खरा नाही. कृष्णवर्णीय स्त्रिया डेमोक्रॅटिक पक्षाच्या सगळ्यात निष्ठावान मतदार आहेत. २०१७ च्या अलाबामातल्या सेनेट निवडणुकीत मतदानोत्तर पाहणीनुसार त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांनी डग जोन्स यांना मत दिलं, आणि ते सुमारे २२,००० मतांनी जिंकले. लॅटिनो आणि आशियाई मतदारांचं तसं नाही. मायामीतलं क्यूबन कुटुंब आणि ॲरिझोनातलं मेक्सिकन कुटुंब यांचं राजकारण वेगळं असतं. गोरेतर स्त्रियांमधून पहिल्या दोन गव्हर्नर २०१० मध्ये निवडून आल्या. साउथ कॅरोलिनातून पंजाबी आईवडिलांच्या कन्या निकी हेली आणि न्यू मेक्सिकोतून सुझाना मार्टिनेझ. दोघीही रिपब्लिकन पक्षाच्या होत्या. याच्या बरोबर उलट, ज्या डेमोक्रॅटिक पक्षाला कृष्णवर्णीय स्त्रियांची इतक्या निष्ठेने मतं मिळतात त्याच्या बाजूने २०२५ संपेपर्यंत एकाही राज्यात कृष्णवर्णीय स्त्री गव्हर्नर झालेली नव्हती. मतं घेताना कृतज्ञ असणारा पक्ष उमेदवारी आणि निधी देताना इतका सावध का होतो, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. ही उमेदवार जिंकू शकणार नाही, असं आधी म्हणायचं, त्यामुळे देणगीदार मागे सरतात, आणि निधी नाही म्हणून ती हरते.

मेरीलँडमधल्या अँजेला अल्सोब्रुक्स यांची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. प्रिन्स जॉर्जेस काउंटीत त्या आधी सरकारी वकील म्हणून निवडून आल्या, मग काउंटीच्या प्रमुख झाल्या. २०२४ मध्ये सेनेटच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर डेव्हिड ट्रोन हे खासदार होते, मद्यविक्रीच्या मोठ्या साखळीचे मालक. त्यांनी स्वतःच्या खिशातून सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. अल्सोब्रुक्स यांच्याजवळ इतका पैसा कुठून असणार? त्यांच्याजवळ होते वर्षानुवर्षं सोबत काम केलेले स्थानिक पुढारी आणि त्यांना नावाने ओळखणारे मतदार. त्या जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये राज्याचे लोकप्रिय माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनाही त्यांनी हरवलं. त्याच दिवशी डेलावेअरमधून लिसा ब्लंट रॉचेस्टर निवडून आल्या. ३ जानेवारी २०२५ रोजी दोघींनी शपथ घेतली. त्याआधी सेनेटच्या सगळ्या इतिहासात कॅरल मोझली ब्राउन, कमला हॅरिस आणि नियुक्तीने आलेल्या लाफोंझा बटलर अशा तीनच कृष्णवर्णीय स्त्रिया तिथे बसल्या होत्या, आणि त्याही एका वेळी एकच.